सोळा काट्यांच्या किल्ल्या

नर्मदाबाईंकडे येणाऱ्या माणसांची खाती दोनच. लग्न जुळवण्याआधी चौकशी करणारे, आणि जुळल्यावर पस्तावलेले. सुकेशनी जिना चढून वर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून बन्सीधरनं तिला थेट दुसऱ्या खात्यात टाकलं.

“पोरगा कुठला?” त्यानं विचारलं.

“पोरगा नाही काका, पेन ड्राइव्ह,” ती म्हणाली आणि रुमालात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली.

नर्मदाबाईंनी चष्मा नाकावर ओढला. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. निवृत्तीनंतर परभणीत स्टेशन रोडला पहिल्या मजल्यावर ‘खाजगी चौकशी’ अशी पाटी लावली, आणि धाकट्या भावाला, बन्सीधरला, मदतीला घेतलं. बन्सीधरचा टायपिंग क्लास कॉम्प्युटरनं बुडवला होता. त्याबद्दल त्यानं कॉम्प्युटरला अजून माफ केलं नव्हतं. पण कीबोर्ड तोच असल्यामुळे आपल्याला कॉम्प्युटर येतो, असं त्याचं ठाम मत होतं.

“मला कॉम्प्युटर कळत नाही,” नर्मदाबाई म्हणाल्या. “ह्याला कळतो असं ह्याला वाटतं. तेव्हा दोघांनाही कळेल असं सांग.”

“मी सुकेशनी खंदारे. वसमत रोडला दत्तराव सरांचं ऑफिस आहे, तिथं तीन वर्षं कामाला आहे. कापसाच्या जिनिंगवर, मोंढ्याच्या बाजारात वजनकाटे असतात ना, भरलेली गाडी चढवायचे? त्यांच्या कॉम्प्युटरची देखभाल आमच्याकडं. मानवत, पोखर्णी, राणीसावरगाव, असे सोळा काटे. कॉम्प्युटर अडला की मी गावोगाव पळत नाही. इथं बसून एका प्रोग्रॅममधून तिथला कॉम्प्युटर उघडते. प्रत्येक काट्याचा पत्ता आणि पासवर्ड त्या प्रोग्रॅममधे साठवलेला. नावावर क्लिक केलं की मानवतचा पडदा परभणीत.”

“म्हणजे किल्ल्यांचा जुडगा,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“तोच. आणि तो हरवलाय. मी चोरला असं सर म्हणायलेत.”

बन्सीधर सावरून बसला. लग्नापेक्षा हे बरं होतं.

दत्तरावांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं होतं. खंडेनवमीला सकाळी सुकेशनीनं जुन्या कॉम्प्युटरमधली सगळी कनेक्शनं, पासवर्डसकट, एका फाइलमधे काढली. फाइल पेन ड्राइव्हवर टाकली, उघडून खात्री केली, टोपण लावून सरांच्या खणात ठेवली.

“सरांना म्हटलं, मी आल्यावर नव्यात भरते, तोवर जुना हलवू नका. मग नागपूरची गाडी धरली. दरवर्षी जाते, आई-बाबांसोबत, दीक्षाभूमीला. काल परत आले तर जुना एक्स्चेंजमधे गेलेला, नवा टेबलावर, आणि ह्या पेन ड्राइव्हवर माझी फाइल नाही.”

“काहीच नाही?”

“आहे, पण ती फाइल नाही. फाइलच्या चित्राच्या कोपऱ्यात बारका बाण आहे. बाण म्हणजे फाइलकडं जायचा नुसता रस्ता. तो रस्ता सांगतो की फाइल ह्याच पेन ड्राइव्हवर आहे. आणि पेन ड्राइव्हवर ह्या बाणाशिवाय काही नाही.” सुकेशनीनं कपाळावर हात मारला. “काल दिवसभर मी त्याच गोल गोल रस्त्यावर फिरले, मॅडम. वर मी ह्या पेन ड्राइव्हला ‘काटे’ असं नाव दिलं होतं. तेसुद्धा गेलं. कोरा झालाय.”

“बघू,” म्हणत बन्सीधरनं पेन ड्राइव्ह उचलला, टोपण काढलं आणि जगातले सगळे लोक करतात तसं फुंकर मारायला तोंडाजवळ नेला.

“फुंकू नको!”

पन्नाशी उलटलेला बन्सीधर शाळकरी पोरासारखा दचकला. नर्मदाबाईंनी पेन ड्राइव्ह खिडकीच्या उजेडात धरला. त्याच्या पत्र्याच्या तोंडात, आतल्या कडेला, काहीतरी पिवळसर बारीक दाटलेलं होतं.

“गंज,” बन्सीधर म्हणाला.

“असेल,” नर्मदाबाई म्हणाल्या आणि टोपण लावून पेन ड्राइव्ह परत रुमालात बांधला. “पासवर्ड पाठ नाहीत?”

“एकेक हातभर लांब आहेत. कागदावर लिहायचे नाहीत, मोबाइलमधे ठेवायचे नाहीत, हा सरांचाच नियम. मी पाळला.”

“नियम पाळणारा आधी सापडतो. बिनतिकिटाचा मागच्या दारानं उतरून जातो. पण तुझ्यावरच संशय का?”

“पुण्याच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलंय. लपवून काय करायचं म्हणून मीच सरांना सांगितलं. आता ते म्हणतात, जाता जाता दार ओढून गेली.” तिनं मोबाइल पुढं केला. सोळा काटेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दत्तरावांचा मजकूर होता: *सुकेशनी खंदारे हिने आमचा डेटा नेला आहे. कुणीही थारा देऊ नये.* “उद्या सकाळी मानवतला कापसाची खरेदी सुरू होते. संध्याकाळपर्यंत फाइल आण, नाहीतर पोलिसात जातो म्हणाले. पोखर्णीचा काटेवाला ह्या ग्रुपवर आहे, आणि माझे बाबा पोखर्णीला मास्तर. बाबांचा फोन आला होता.”

“काय म्हणाले?”

“जेवलीस का म्हणाले. तेवढंच.”

नर्मदाबाई उठल्या. “बन्सी, स्कूटर काढ.”

---

दत्तरावांचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, मागच्या बाजूला घर. टेबलावर नवा कॉम्प्युटर होता. त्याच्या काळ्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता आणि पडद्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. नवऱ्या मुलाच्या गाडीचंही लोक लवकर काढत नाहीत.

“तुमाला हिनं आणलं?” दत्तराव म्हणाले. “म्हंजी तुमी हिच्या बाजूच्या.”

“ज्याच्याकडं तिकीट आहे त्याच्या बाजूची. पेन ड्राइव्ह खणातून कधी काढलात?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. नव्यात लावला, काही उघडंना. हिला फोन केला तर म्हणती, असं कसं होईल? आता असं कसं होईल हे मी सांगू का हिनं?”

“जुना हलवू नका, असं ती सांगून गेली होती.”

दत्तराव जरा घुटमळले. “एक्स्चेंजची स्कीम दसऱ्यापुरतीच होती. म्हटलं, बॅकअप खणात हाय, मग डबा ठेवून काय त्याचं लोणचं घालायचं? तरी फाइल उघडंना म्हटल्यावर दुकानवाल्या रंगनाथला फोन केला मी. तो म्हणाला, फॉरमॅट झालं, कोरा करून ठेवला. झालं! माझी सोळा गावं गेली.” त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “हिनं नागपुरात बसून पुसलं असणार. दुरून कॉम्प्युटर उघडायचंच तर हिचं काम हाय!”

“सर, खणात ठेवलेला पेन ड्राइव्ह दुरून कसा पुसणार?” सुकेशनी म्हणाली. आवाजात राग कमी, थकवा जास्त होता. हे ती कालपासून सांगत असावी.

“मला ते तांत्रिक सांगू नको.”

“नवमीला दुपारी तुम्ही कुठं होतात?” नर्मदाबाईंनी विचारलं.

“पूजा उरकून मी आन् माय गावाकडं गेलो, राणीसावरगावला. आमची मेंढरं हायत भावाकडं, त्यांना ओवाळायला. दसऱ्याला सकाळी परत. ऑफिसात शिवा होता राखणीला. माझ्या बहिणीचा पोरगा. लय इमानदार. दसऱ्याला संध्याकाळी मला नवं मशीन बंद करता येईना, तर ह्याला फोन लावला. देवीच्या मिरवणुकीत होता, मागं ढणाढण गाणी चालू, तरी बिचाऱ्यानं पाच-दहा मिनिटं सगळं समजावून सांगितलं. नाहीतर ही! फोन केला तर म्हणती, आमी धम्मकार्यात हावोत, जरा वेळानं करते.”

“आणि केला का जरा वेळानं?”

“केला,” दत्तराव नाइलाजानं म्हणाले.

तेवढ्यात तो इमानदार भाचा आतून आला. शिवशंकर. अंगानं दांडगा, घसा पार बसलेला, कानामागं अजून गुलाल.

“मिरवणूक जोरात झाली वाटतं,” नर्मदाबाई म्हणाल्या. “मंडळाची गाणी तुझ्याकडंच का?”

“हां मग! आपल्याशिवाय कोण?” घोगऱ्या आवाजातही अभिमान मावत नव्हता.

“कशावर वाजवतोस रे? आमच्या वेळी कॅसेटी होत्या.”

“मोबाइलवरून. माझ्याच. वायर लावली की झालं.” मग त्याला वाटलं की आपण उगाच बोललो, आणि त्यानं विषय बदलला. “मावशी, मी एक सांगू का? पूजा झाल्यापासून ते मशीन दुकानात जाईपर्यंत त्याला कुणीसुदीक हात लावलेला न्हाई. मी सोता होतो इथं. जे काय झालं ते पूजेच्या आधी झालं. आन् पूजेच्या आधी मशीनवर कोण होतं, ते इचारा.”

त्यानं सुकेशनीकडं पाहिलं नाही. दाराकडं पाहिलं.

“बरोबर आहे अक्का,” बन्सीधर हळूच म्हणाला. “मुद्दा बिनतोड आहे.”

“तू स्कूटरची किल्ली सांभाळ.”

खोलीच्या टोकाला, खुर्चीवर पाय वर घेऊन, दत्तरावांची आई केवळाबाई बसली होती. नर्मदाबाई तिच्याजवळ जाऊन टेकल्या. तपासणीत त्यांचा जुना अनुभव होता: गाडीत काय चाललंय ते मागच्या सीटवरच्या म्हातारीला ठाऊक असतं, फक्त तिला कुणी विचारत नाही.

“नवमीला पूजा तुम्हीच मांडली?”

“मग कोण मांडणार? लोकर कातरायची कातर, माझा इळा, दत्त्याच्या गाडीची चावी, आन् ते कांपुटर. ज्यानं वरीसभर पोट भरलं त्याची पूजा. समद्यावर भंडारा उधळला, तोंडाला, बटणाला, समद्या भोकांला लावला. मग वायर उपटून ठिवली. त्या दिशी हत्याराला इसावा असतुया, बाई. त्येला चालवायचं न्हाई.”

“ह्या नव्याला कुंकू दिसतंय. भंडारा नाही?”

केवळाबाई हसली. “भंडारा घरच्याला. हे पाव्हणं हाय अजून. वरीसभर राबू दे, मग बघू.”

“आणि जुनं निघालं तेव्हा?”

“दसऱ्याला सकाळी गावाकडनं आल्या आल्या त्येची पाठवणी केली. बटणावरचा भंडारा उडाला व्हता, म्हटलं वाऱ्यानं उडाला असंल, पुन्यांदा लावला. झेंडूचा हार फुडनं मागनं गुंडाळून कचकून गाठ मारली. लेकीवानी धाडलं बाई, मोकळं न्हाई धाडलं.”

नर्मदाबाईंनी वर पाहिलं. खोलीला एकच खिडकी होती, आणि तिच्यासमोर कपाट उभं होतं.

---

स्कूटरवर बन्सीधरची कुरकुर सुरू झाली. रस्ता खोदलेला, ऊन आश्विनातलं, आणि अक्का मागं बसून गप्प.

“पोरगी चांगली वाटते, पण मुद्दा तिच्या विरोधात जातो,” तो म्हणाला. “पूजेनंतर मशीनची वायरच काढलेली. म्हणजे कुणीच काही करू शकत नाही. म्हणजे आधीच झालं. म्हणजे...”

“खड्डा,” नर्मदाबाई म्हणाल्या.

बन्सीधरनं खड्डा चुकवला नाही.

रंगनाथचं दुकान शिवाजी पुतळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, बोळकांडीत. आत शिरायला वाट नव्हती. डबे, वायरी, फुटके पडदे. रंगनाथ कानाला मोबाइल लावून बोलत होता. “हो हो, झालं तुमचं. तयार आहे. या की केव्हाही.” ज्या लॅपटॉपबद्दल तो बोलत होता तो त्याच्यासमोर पोट फाडून पडला होता, आणि स्क्रू चहाच्या बशीत.

पुढच्या दोन गिऱ्हाइकांनाही त्यानं तेच सांगितलं. एकाचा प्रिंटर झाला होता, एकाचं बिल झालं होतं. दोन्ही वस्तू दुकानात कुठं दिसत नव्हत्या.

“दत्तरावांचा जुना डबा?” नर्मदाबाईंनी विचारलं.

“झालं ना! त्याच दिवशी फॉरमॅट. एकदम कोरा. विंडोज टाकून ठेवलाय. घ्यायचाय का तुम्हाला?”

“कुठला तो?”

रंगनाथनं हनुवटीनं कोपरा दाखवला. भिंतीला टेकून एक सीपीयू उभा होता. झेंडूचा हार पुढून वर, वरून मागं असा गुंडाळलेला. फुलं वाळून तपकिरी झाली होती, मागच्या वायरींच्या खाचांवरून दोरा गेला होता, आणि खालच्या बाजूला गाठ तशीच कचकून बसली होती.

नर्मदाबाई बराच वेळ त्या गाठीकडं पाहत राहिल्या. एखाद्या प्रवाशाच्या बंद मुठीकडं पाहावं तशा.

“आता लगेच हा दत्तरावांच्या ऑफिसात घेऊन चला. तुम्ही स्वतः. आणि हार काढायचा नाही.”

“आता? गिऱ्हाईक आहे ना मॅडम!”

“त्यांचं झालंय ना सगळं?” नर्मदाबाई म्हणाल्या. “मग चला.”

वाटेत बन्सीधरचा संयम सुटला. “अक्का, कोरा डबा कशाला नेतेयस? आधीच त्यांचं डोकं फिरलंय. त्यांना हार दाखवून काय होणार आहे?”

“हार नाही, गाठ दाखवणार आहे.”

---

दुपारी चारच्या सुमाराला सगळे ऑफिसात जमले. दत्तराव येरझाऱ्या घालत होते. सुकेशनी दाराशी उभी होती, पर्स खांद्यावर तशीच. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. शिवशंकर मोबाइलमधे डोकं घालून बसला होता. रंगनाथनं डबा टेबलावर ठेवला आणि घाम पुसला. केवळाबाईनं आपल्या हातचा वाळलेला हार पाहिला आणि नमस्कार केला.

नर्मदाबाईंनी रुमाल सोडला. पेन ड्राइव्हचं टोपण काढलं आणि तो केवळाबाईपुढं धरला.

“ह्याच्या तोंडात काय आहे, बघा बरं.”

म्हातारीनं करंगळीच्या नखानं कोरून काढलं, बोटावर चोळलं, हुंगलं. “भंडारा हाय की. माझाच.”

“नव्या मशीनला भंडारा नाही, नुसतं कुंकू. ऑफिसात तिसरं मशीन नाही. म्हणजे हा पेन ड्राइव्ह जुन्या डब्याच्या खाचेत घुसला, तो भंडारा लागल्यानंतर. पूजेनंतर. आणि डबा दसऱ्याला सकाळी इथून निघाला. सुकेशनी पूजेआधीच नागपूरच्या गाडीत बसली होती. दत्तराव, नागपूरहून कॉम्प्युटर उघडता येतो हे मला आज कळलं. पण नागपूरहून पेन ड्राइव्ह खुपसता येत नाही, एवढं मला न शिकताही कळतं.”

दत्तरावांची येरझार थांबली.

“पण वायर काढली होती,” बन्सीधर म्हणाला. त्याला अजून आपला मुद्दा सोडवत नव्हता.

“कुणीतरी लावली. बटण दाबलं, भंडारा बोटाला लागून गेला. केवळाबाईंना वाटलं वाऱ्यानं गेला. ह्या खोलीत वारा कुठून येतो, ते मला कुणी दाखवावं.”

कपाटाकडं सगळ्यांनी एकदम पाहिलं.

“आता तो बाण. तुम्हाला वाटतं, हिनं फसवायला बाण ठेवला. जिला हे काम येतं तिनं फाइल पुसली असती आणि गप्प बसली असती. पण हा बाण ठेवणाऱ्याला खरंच वाटत होतं की आपण फाइल ठेवली. डेपोत एकदा नवा पोरगा आला होता. त्याला सांगितलं, मानवतची गाडी पलीकडं लाव. त्यानं गाडीवरची ‘मानवत’ पाटी काढली, पलीकडच्या गाडीला लावली आणि म्हणाला, लावली. इथंही तेच झालंय. पाटी नेली, गाडी जागेवर राहिली.”

सुकेशनी एकदम पुढं आली. “डेस्कटॉपला पाठवा! उजवं बटण दाबून ‘डेस्कटॉपला पाठवा’ केलं की फाइल जात नाही, नुसता बाण तयार होतो. कुणीतरी माझी फाइल तशी डेस्कटॉपवर ‘ठेवली’, पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, म्हणून त्याचं नाव गेलं, आणि मग तो बाण परत त्यावर टाकला.”

“हे सगळं माझ्या अकलेबाहेरचं,” नर्मदाबाई म्हणाल्या. “पण माझा प्रश्न सोपा. नवमीच्या दुपारी, विसाव्याच्या दिवशी, आजीचा नियम मोडून, कुणाला रिकामा पेन ड्राइव्ह एवढा तातडीनं हवा होता?” त्या शिवशंकरकडं वळल्या. “गाणी मोबाइलवरून वाजवलीस म्हणालास.”

“हां. मोबाइलवरूनच.”

“तुझ्याच?”

“माझ्याच म्हनलं की!”

“मामांनी मिरवणुकीत फोन केला. तू पाच-दहा मिनिटं बोललास. आणि मागं गाणी ढणाढण चालूच होती, असं मामाच म्हणाले. ज्या मोबाइलवरून गाणं चाललंय त्याच्यावर फोन घेतला की गाणं थांबतं, बाळा. तुझं थांबलं नाही. म्हणजे गाणी दुसऱ्या कशावर होती.”

शिवशंकरनं मोबाइल खिशात घातला.

“आणि तूच सांगितलंस की पूजेपासून मशीनला कुणी हात लावला नाही, तू स्वतः राखणीला होतास. बाकी सगळ्यांना तूच सोडवलंस. आता खोलीत एकटा तूच राहिलास.”

“मामा,” शिवशंकर खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. “आजच्या आज पेन ड्राइव्ह पायजे म्हनले मंडळवाले. दुकानं बंद. ते साऊंडवालं फॉरमॅट केल्याबिगर गाणी घेत न्हाई. म्हटलं फाइल बाजूला ठिवतो, मग परत टाकतो. लगेच टाकली की मी! नाव तेच दिसत व्हतं! मिरवणूक झाल्यावर नव्या मशीनवर गाणी पुसून पेन ड्राइव्ह खणात ठिवला, आपलं काम झालं. मला काय ठाऊक त्यो बाण...”

“आणि काल कळल्यावर?” दत्तराव म्हणाले.

शिवशंकर कानामागचा गुलाल चोळत बसला.

“कळल्यावर हा आज म्हणाला, पूजेच्या आधी मशीनवर कोण होतं ते इचारा,” सुकेशनी म्हणाली. “शिवा, चुकून फॉरमॅट केलंस ते मी सोडून दिलं असतं.”

दत्तरावांनी भाच्याकडं पाहिलं, मग खुर्चीत अंग टाकलं. “पर आता काय उपेग? फाइल गेली, डबा कोरा. उद्या मानवतवाला फोन करणार आन् मी काय सांगू, भाच्यानं देवीला वाजवली?”

“रंगनाथ,” नर्मदाबाई म्हणाल्या, “हा डबा कधी फॉरमॅट केलात?”

“सांगितलं ना, त्याच दिवशी. झालं ते.”

“केवळाबाई, ही गाठ तुमची?”

म्हातारीनं वाकून पाहिलं. “माझीच. मेंढराच्या गळ्यातल्या घंटीला मारतो ती गाठ हाय. शहरातल्याला मारता येत न्हाई, सोडता तर मुळीच येत न्हाई.”

“दोरा मागच्या खाचांवरून गेलाय. हा न सोडता इथं वायर लागत नाही, आणि वायर न लावता कोरं करता येत नाही. ज्यानं वरचा हार काढला नाही, त्यानं आतलं काय पुसलं?”

रंगनाथनं पहिल्यांदाच ‘झालं’ म्हटलं नाही. “करणारच होतो,” तो पुटपुटला. “गर्दी होती दसऱ्याची.”

“देव तुझं भलं करो,” दत्तराव उठून उभे राहिले. “आळशी माणसा!”

---

गाठ केवळाबाईनंच सोडली. सुकेशनीनं पर्स खाली ठेवली, वायरी लावल्या, बटण दाबलं. जुना डबा आजाऱ्यासारखा घरघरला. पडदा उजळायला इतका वेळ लागला की बन्सीधरनं तीनदा “बिघडलं” म्हणून जाहीर केलं.

मग प्रोग्रॅम उघडला. यादी आली. मानवत, पोखर्णी, गंगाखेड, राणीसावरगाव, ओळीनं सोळाच्या सोळा.

सुकेशनीनं यादी पुन्हा फाइलमधे काढली. पासवर्ड सोबत न्यायचे तर प्रोग्रॅम एक गुपित शब्द मागतो. तिनं दत्तरावांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पाठ फिरवली. दत्तरावांनी एका बोटानं कसातरी शब्द घातला. बन्सीधरला त्यांचं टायपिंग पाहवत नव्हतं.

पेन ड्राइव्हवर फाइल गेली. तिनं शिवशंकरला बोलावलं. “बघ. बाण आहे?”

“न्हाई.”

“मग ही फाइल.”

फाइल नव्या कॉम्प्युटरमधे भरली. तिनं ‘मानवत’वर क्लिक केलं. क्षणभर काळं, आणि मग मानवतच्या काट्यावरचा पडदा परभणीत उघडला. वजनाच्या चौकोनात शून्य होतं. काटा रिकामा होता, उद्याच्या पहिल्या गाडीची वाट पाहत.

दत्तरावांनी हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. “सुटलो. सुकेशनी, झालं गेलं विसरून जा.”

“विसरते सर. आधी ग्रुपवर लिहा.”

“लिहितो की, निवांत.”

“आत्ता.”

दत्तरावांनी मोबाइल काढला, बराच वेळ अंगठे फिरवले आणि तिला दाखवलं. *सुकेशनीबाबत गैरसमज झाला होता.*

तिनं वाचलं. मोबाइल परत दिला. “गैरसमज झाला नव्हता सर. आरोप झाला होता. तुम्ही केला होता.”

दत्तरावांचा चेहरा कडू झाला. सोळा गावांत आपल्या तोंडानं आपली चूक लिहायची म्हणजे मोंढ्याच्या मधोमध फेटा काढण्यासारखं. ते खिडकीकडं गेले. तिथं कपाट होतं.

“दत्त्या,” केवळाबाई खुर्चीतून म्हणाली. “वरीसभर राबलेल्याला आपण भंडारा लावतो. ही तीन वरसं राबली. हिला भंडारा चालत न्हाई, हिचा धर्म येगळा. मग शब्द तरी धड लाव.”

दत्तराव परत आले. ह्या वेळी त्यांनी बसून लिहिलं. *सुकेशनी खंदारे हिने काहीही नेले नव्हते. फाइल आमच्याच घरात, आमच्याच माणसाकडून गेली. आरोप मी केला, तो खोटा होता. सर्व कनेक्शन तिनेच परत आणले. दत्तराव.* त्यांनी तो पाठवला आणि मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला, जसा कुणी तापलेला तवा ठेवावा.

सुकेशनीनं पर्स खांद्यावर घेतली. “मानवत सकाळी मी सुरू करून देते. पुण्याची मुलाखत सोमवारी आहे. ती देणार.”

“आन् मग?”

“मग बघू, सर.”

दाराशी तिचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं आणि घाईनं उचलला. “हो बाबा... हो, वाचलं मी. नाही, रडत नाहीये.” ती थोडा वेळ ऐकत राहिली. “नाही बाबा, अजून नाही जेवले. आता जेवते.”

आत केवळाबाईनं पिशवी उघडली होती आणि नव्या कॉम्प्युटरकडं पाहत ती विचारात पडली होती. “काय गं पोरी, येवढं समदं झालं त्येच्यात. लावू का ह्याला भंडारा?”

सुकेशनीनं फोन कानापासून दूर धरला. “नका आजी,” ती म्हणाली. “वर्षभर राबू द्या की त्याला.”